आपल्याच माणसांचा अभ्यास : मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची शंभर वर्षे

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पुढची सहा दशके त्याचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच होते. शिकवण्याची जबाबदारी महाविद्यालयांची. विद्यापीठाने स्वतः पदव्युत्तर अध्यापनात आणि संशोधनात उतरावे असे ठरल्यावर जी पहिली पावले पडली, त्यांत अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे स्कूल होते. १९१९ साली त्यात समाजशास्त्राचे अध्यासन सुरू झाले. देशातला समाजशास्त्राचा हा पहिला विद्यापीठीय विभाग मानला जातो. लखनौचा विभाग १९२१ मधला. बडोदा आणि दिल्लीचे विभाग तर स्वातंत्र्यानंतरचे, आणि ते दोन्ही उभे करणारा माणूस आपल्याच विभागात घडलेला.

शताब्दीच्या स्मरणिकेत विभागप्रमुखांची क्रमवार यादी देऊन इतिहासाचे कर्तव्य उरकता येते. पण विभाग त्याच्या प्रबंधांतही असतो. शंभर वर्षांत इथे कोणी कोणाचा अभ्यास केला, हा प्रश्न हाती धरला की जुनी नावे, गाजलेले वाद आणि राहून गेलेली कामे एका धाग्यात येतात. इथल्या संशोधकांतल्या बहुतेकांनी परक्या मुलखात जाऊन परकी माणसे शोधली नाहीत. त्यांनी आपली जात, आपला प्रांत, आपले कुटुंब, आपले शहर अभ्यासाला घेतले. विभागाचे बळ त्यात होते, आणि उणिवाही त्यातूनच आल्या.

गेडिस यांची पाच वर्षे

पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. पुढे नगररचनेकडे वळले. नगररचनेचे एक प्रदर्शन घेऊन ते १९१४ साली हिंदुस्थानाकडे निघाले, पण प्रदर्शनाचे सामान ज्या बोटीत होते ती ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवली. नवे सामान जमवून १९१५ च्या जानेवारीत त्यांनी मद्रासला प्रदर्शन भरवले आणि मग इथल्या शहरांमागून शहरे पायी धुंडाळली. मुंबई इलाख्यातल्या सहा गावांच्या पुनर्रचनेवर त्यांनी १९१५ मध्ये लिहिलेले अहवाल महाराष्ट्र सरकारने पन्नास वर्षांनी पुन्हा छापले, यावरून त्यांचे मोल कळावे.

विभागाचे नाव तेव्हा ‘समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र’ असे होते आणि गेडिस यांच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. स्थळ, काम आणि लोक ही त्यांची त्रिसूत्री. वस्ती कुठे आहे, तिथली माणसे पोटासाठी काय करतात आणि त्यामुळे त्यांचे आपसातले संबंध कसे घडतात, हे फिरून पाहिल्याशिवाय रस्ता रुंद करायची रेघही ओढू नये, असा त्यांचा आग्रह होता. दाट वस्ती सरसकट पाडण्याला त्यांचा विरोध होता. जुने शक्य तितके राखून नेमक्या जागी हात घालावा, असे ते सांगत. १९२४ मध्ये ते मुंबई सोडून फ्रान्समधल्या माँपेलिए इथे गेले. त्यांची शिष्यपरंपरा इथे मोठी झाली नाही. पण एक शिष्य त्यांनी विद्यापीठाला मिळवून दिला, आणि पुढची पस्तीस वर्षे विभाग त्या शिष्याच्या नावाने ओळखला गेला.

घुर्ये पर्व

गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवणात झाला. काही शिक्षण गिरगावात, काही थेट जुनागढला, आणि पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृत. एम.ए. होऊन ते तिथेच संस्कृत शिकवू लागले. समाजशास्त्रासाठी विलायतेला विद्यार्थी पाठवायचा असे विद्यापीठाने ठरवले, तेव्हा गेडिस यांनी घुर्ये यांची निवड केली. लंडनमध्ये ते फार रमले नाहीत, केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे मात्र त्यांना हवे ते मिळाले. १९२२ मध्ये रिव्हर्स अकाली गेले आणि प्रबंध हॅडन यांच्या देखरेखीखाली पुरा झाला. १९२४ मध्ये घुर्ये यांनी मुंबईत विभागाची सूत्रे हाती घेतली, १९३४ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि १९५९ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही विद्यापीठाने त्यांना मानद प्राध्यापकपद दिले आणि त्यांची लेखणी १९८३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, चालत राहिली.

१९३२ साली त्यांचे ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ प्रसिद्ध झाले. त्याचे महत्त्व कळायला थोडे मागे जावे लागते. हर्बर्ट रिस्ले या सनदी अधिकाऱ्याने असा सिद्धान्त मांडला होता की जातींची उतरंड मुळात वंशांची उतरंड आहे. पुरावा म्हणून त्याने माणसांची नाके मोजली. नाकाची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर काढायचे. ते जितके कमी, तितकी जात वरची, असा त्याचा हिशेब. घुर्ये यांनी याच मोजमापांची प्रांतवार फेरमांडणी केली. गंगेच्या खोऱ्यातल्या हिंदुस्थान प्रांतात रिस्लेचा क्रम काहीसा जुळत होता. महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मद्रास इथे मात्र तो कोलमडला. जातीला वंशाचा दाखला देणारा सरकारी सिद्धान्त सरकारी आकड्यांनीच निकालात निघाला.

याच ग्रंथात त्यांनी जातीची सहा लक्षणे सांगितली : समाजाची खंडशः विभागणी, उतरंड, अन्नोदकाचे आणि संपर्काचे निर्बंध, नागरी व धार्मिक हक्कांतला भेद, व्यवसायाची बंधने आणि विवाहाची बंधने. आज पदवीचे विद्यार्थी ही सहा लक्षणे पाठ करून परीक्षेला बसतात. ती कोणत्या वादातून आली हे त्यांना ठाऊक नसते, ही आपल्या अध्यापनाची उणीव.

दुसरा मोठा वाद आदिवासींच्या प्रश्नावर झडला. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांची भूमिका आदिवासींच्या जगण्याला बाहेरच्या आक्रमणापासून संरक्षण मिळावे अशी होती. घुर्ये यांनी १९४३ च्या पुस्तकात आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हटले आणि त्यांचे भवितव्य व्यापक समाजात मिसळण्यात आहे, असे प्रतिपादन केले. त्यामागे राष्ट्राच्या एकात्मतेची तळमळ होती. पण मिसळायचे ते कोणाच्या अटींवर, आणि ज्यांच्याविषयी हे ठरत होते त्यांना विचारले कोणी, हे प्रश्न पुढच्या पिढ्यांनी घुर्ये यांना विचारले. ते रास्तच होते.

प्रबंधांच्या वाटा

घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम.ए. आणि पीएच.डी. मिळून सुमारे ऐंशी प्रबंध झाले असे सांगितले जाते. तेव्हा एम.ए.ची पदवीही प्रबंधावर मिळू शकत असे. ते स्वतः ग्रंथालयात रमणारे. विद्यार्थ्यांना मात्र गावोगाव धाडत. ज्याला जिथली भाषा येते, जिथे ओळखीची घरे आहेत, तिथला विषय त्याच्या वाट्याला येई. त्यामुळे मुंबईत बसून साऱ्या देशाचा नकाशा भरत गेला.

इरावती कर्वे यांचे उदाहरण मराठी वाचकाला सर्वांत जवळचे. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, इरावदी नदीवरून नाव मिळालेल्या इरावतीबाईंनी १९२८ मध्ये घुर्ये यांच्याकडे चित्पावन ब्राह्मणांवर एम.ए.चा प्रबंध केला. माहेर आणि सासर दोन्ही चित्पावन. पुढे बर्लिनची पीएच.डी., त्यानंतर काही वर्षे महिला विद्यापीठाचे कुलसचिवपद, आणि १९३९ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज. १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी देशाचे नातेसंबंधांच्या दृष्टीने चार विभाग पाडले. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे निषिद्ध, दक्षिणेत ते इष्ट, आणि महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी चालते पण आत्याची टाळतात. आपल्या घरातल्या लग्नाच्या बैठकीत जे गृहीत धरले जाते, तेच दोन मोठ्या संस्कृतींच्या सीमेची खूण आहे, हे त्यांनी दाखवले.

म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास इथे शिकायला आले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला आपलाच मुलूख आला. म्हैसुरातले विवाह आणि कुटुंब यांवरचे त्यांचे पुस्तक १९४२ चे. त्यानंतर शेजारच्या कुर्गवरचा प्रबंध. ऑक्सफर्डला जाऊन त्या सामग्रीची त्यांनी नव्याने मांडणी केली आणि १९५२ च्या ग्रंथातून ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना रूढ झाली. खालची मानलेली जात वरच्या जातीचे आचार उचलून वर सरकू पाहते, हे आपल्याकडे सगळे पाहत होते. त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते इथल्या एका माजी विद्यार्थ्याकडून. गुरुशिष्यांचे संबंध पुढे बिघडले. श्रीनिवास यांनी त्यावर मोकळेपणाने लेख लिहिला आहे, आणि विभागाच्या इतिहासात तोही वाचायला हवा. बडोद्याचा आणि दिल्लीचा विभाग उभारणारे ते हेच.

कन्हैयालाल कापडिया यांनी नातेसंबंध आणि विवाह हे विषय गुजरातच्या अंगाने मांडले. नवसारी शहरात आणि आसपासच्या खेड्यांत त्यांनी कुटुंबे मोजली, तेव्हा शहर आले की एकत्र कुटुंब मोडते हा पक्का समज टिकला नाही. घुर्ये यांच्यानंतर विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. विलास संगवे यांनी इथल्या पीएच.डी.साठी जैन समाजाचा अभ्यास केला. १९५९ मध्ये पुस्तकरूपाने आलेला तो ग्रंथ आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. संगवे पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात गेले आणि तिथे समाजशास्त्र रुजवले.

शहर : बाहेरून आलेल्यांचे

विभागाच्या खिडकीबाहेर जे शहर होते, ते जवळजवळ सगळेच बाहेरून आलेले. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी जण शहराबाहेर जन्मलेले होते, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे. म्हणजे घर गावाला आणि नोकरी मुंबईत. गिरणगावात एकेका खोलीत एकाच गावचे दहा-बारा गडी राहत, पाळीप्रमाणे झोपत, खानावळवाल्या बाईकडे जेवत आणि महिन्याला मनीऑर्डर धाडत. शिमग्याला आणि गणपतीला बोट भरून कोकणात जाई. गावी शेत, म्हातारी माणसे आणि पोरे बाईने सांभाळायची. स्थलांतर पुरुषाचे मोजले जाई. त्याचा अर्धा भार गावी राहिलेल्या बाईवर होता.

या जगाकडे विद्यापीठाने पाठ फिरवली नाही. ग्रामीण भागातून मुंबईच्या उद्योगांत आलेल्या कामगारांवर कुंज पटेल यांनी १९३८ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध दिला. तो छापून यायला पंचवीस वर्षे लागली. जी. आर. प्रधान यांनी शहरातल्या अस्पृश्य कामगारांचा अभ्यास एम.ए.च्या प्रबंधासाठी केला आणि १९३८ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रस्तावना आहे. गिरणीत विणाई खात्यात अस्पृश्याला शिरकाव नाही, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि इतर कामगारांना तो विटाळ वाटतो, ही वस्तुस्थिती बाबासाहेब वारंवार मांडत होते. यंत्रयुग आले की जात आपोआप विरेल, असे मानणाऱ्यांना मुंबईच्या गिरण्यांनीच उत्तर दिले होते.

घुर्ये यांच्या उत्तरायुष्यातला एक अभ्यास इथे आवर्जून नोंदवावा असा आहे. पुणे-नगर रस्त्यावरच्या लोणीकंद गावाची पाहणी डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज वैद्याने पेशवाई संपताच, १८१९ च्या सुमारास केली होती. घरे, शेते, बलुतेदार, कर्ज, जेवणखाण, कपडेलत्ते या साऱ्यांची नोंद त्याने ठेवली. घुर्ये यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी केली आणि १९६० मध्ये ‘सव्वाशे वर्षांनंतर’ अशा अर्थाच्या शीर्षकाने पुस्तक काढले. गाव काळाच्या ओघात बदलते असे आपण सैलपणे म्हणतो. काय बदलले आणि काय जागचे हलले नाही, हे सांगायला आधीची नोंद हाताशी असावी लागते. अशी संधी आपल्याकडे फार थोड्या गावांच्या बाबतीत आहे.

परिषद, नियतकालिक, प्रकाशक

डिसेंबर १९५१ मध्ये मुंबईत इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली; पुढाकार घुर्ये यांचा. मार्च १९५२ मध्ये ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’चा पहिला अंक निघाला. ते नियतकालिक आजही चालू आहे. पहिली दीड दशके या दोन्हींचा कारभार मुंबईतून चाले. साठीच्या दशकाच्या अखेरीस अखिल भारतीय समाजशास्त्र परिषदेशी संस्थेचे विलीनीकरण झाले आणि केंद्र दिल्लीकडे सरकले.

सगळेच प्रबंध कपाटात पडून राहिले नाहीत याचे बरेच श्रेय लॅमिंग्टन रोडवरच्या पॉप्युलर बुक डेपोला आणि भटकळ कुटुंबाला जाते. घुर्ये यांचे बहुतेक ग्रंथ आणि त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांचे प्रबंध पॉप्युलरने छापले. मराठी कवितेचा आणि कादंबरीचा प्रकाशक म्हणून पॉप्युलरचे नाव सर्वतोमुखी आहे. समाजशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथांचा हा सलग प्रपंच तितकासा कोणाच्या लक्षात येत नाही.

देसाई आणि नवे प्रश्न

अक्षय रमणलाल देसाई हे नडियादचे. गुजराती कादंबरीकार रमणलाल देसाई यांचे चिरंजीव. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध घुर्ये यांच्याकडेच झाला, पण दृष्टी पूर्ण मार्क्सवादी. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सोशल बॅकग्राउंड ऑफ इंडियन नॅशनॅलिझम’ मध्ये त्यांनी राष्ट्रवादाची मुळे जमीनधारा, रेल्वे, बाजारपेठ आणि नवे वर्ग यांत शोधली. संस्कृत ग्रंथांत मुळे शोधणाऱ्या गुरूच्या विभागात हा प्रबंध झाला, आणि १९५१ मध्ये देसाई त्याच विभागात अध्यापक म्हणून रुजू झाले, हे दोघांच्याही मोठेपणाचे लक्षण आहे. १९६९ ते १९७६ या काळात ते विभागप्रमुख होते.

देसाईंनी विभागाचे लक्ष शेतकऱ्यांच्या लढ्यांकडे आणि शहरातल्या झोपडपट्ट्यांकडे वळवले. एस. देवदास पिल्लै यांच्याबरोबर त्यांनी झोपडपट्टी आणि नागरीकरण यांवर १९७० मध्ये ग्रंथ संपादित केला, आणि १९७२ मध्ये एका वस्तीचे सविस्तर चित्र प्रसिद्ध केले. झोपडपट्टी म्हणजे गुन्हेगारीचा अड्डा, असा सरकारी आणि पांढरपेशा समज तेव्हा प्रबळ होता. नियोजनाच्या नावाखाली जमीन आणि घरे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेली, त्यांनी स्वतः उभारलेली ही वस्ती आहे, असे देसाईंचे म्हणणे होते.

नीरा देसाई यांचे काम याच वातावरणात उभे राहिले. आधुनिक भारतातल्या स्त्रियांवरचे त्यांचे पुस्तक १९५७ मध्ये आले. त्याचे मूळ मुंबई विद्यापीठातल्या त्यांच्या एम.ए.च्या संशोधनात होते. त्यांनी अध्यापन केले ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात, आणि तिथेच १९७४ मध्ये देशातले पहिले स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीने ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’ हा अहवाल दिला. १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली तीही याच महिला विद्यापीठात. आपल्या विभागात विवाह आणि कुटुंब हे विषय पहिल्यापासून होते. पण कुटुंबाची मोजदाद करताना स्वयंपाकघरातले आणि शेतातले बाईचे श्रम कोणत्या रकान्यात टाकायचे, हा प्रश्न स्त्री-अभ्यासाने विचारला.

लिहिणाऱ्यांची बाजू

‘आपल्याच माणसांचा अभ्यास’ या परंपरेची मोठी मर्यादा उघड आहे. ज्यांची माणसे विद्यापीठात पोहोचली होती, त्यांचाच अभ्यास आतून झाला. चित्पावनांवर चित्पावन घरातल्या इरावतीबाई लिहू शकल्या. महादेव कोळ्यांवरचा ग्रंथ मात्र घुर्ये यांनी लिहिला; महादेव कोळ्यांतल्या कोणाच्या हाती तेव्हा लेखणी देण्याची सोय नव्हती. दलितांचे आणि आदिवासींचे जगणे कित्येक दशके इतरांच्या प्रश्नावलीतून आले.

हे चित्र बदलायला विद्यापीठाबाहेरच्या घटना कारण ठरल्या. १९७२ मध्ये मुंबईतच दलित पँथर उभी राहिली, नामांतराचा लढा झाला, दलित आत्मकथने आली. फुले-आंबेडकरांचे विचार संदर्भयादीतून उठून अभ्यासक्रमात आले. विभागातले पी. जी. जोगदंड यांचे महाराष्ट्रातल्या दलित चळवळीवरचे पुस्तक १९९१ मधले. इंद्रा मुनशी यांनी ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींचे जंगलाशी असलेले नाते अभ्यासले. ‘मिसळून टाकावे की वेगळे ठेवावे’ या जुन्या वादाऐवजी जंगल कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न पुढे आला. कमला गणेश यांचे ‘बाउंडरी वॉल्स’ हे पुस्तक १९९३ चे. तमिळनाडूतल्या एका छोट्या जातीच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या कोटाच्या भिंतीआड राहिल्या. जातीची सीमा बाईच्या वावरावर बंधने घालून कशी राखली जाते, हे त्यात दिसते. आणि ज्या मनोरमा सावूर यांनी मुंबईतल्या समाजशास्त्राची वंशावळ लिहून ठेवली, त्यांच्यामुळे प्रस्तुत लेखासारखे लेख लिहिणे सोपे झाले.

आता कलिनाच्या रानडे भवनातल्या वर्गात महाराष्ट्राच्या सगळ्या जिल्ह्यांतली मुले असतात. पुष्कळांच्या घरातली ती पहिली पदवीधर पिढी. कोणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर लहानपणी हिंडलेला असतो, कोणाचे आजोबा १९८२ च्या संपात गिरणीतून बाहेर पडलेले असतात. त्यांनी प्रबंधासाठी आपले घर, आपली वस्ती निवडली की काही परीक्षक कुरकुरतात, तटस्थता राहणार नाही म्हणून. त्यांना इरावतीबाईंचा १९२८ चा प्रबंध दाखवावा. जवळिकीची हरकत त्या वेळी कोणी घेतली नव्हती.

पुढचे काम

शताब्दीचे सोहळे होतात, ग्रंथ निघतात. विभागाच्या हातून व्हायला हवे असे एक काम याहून निकडीचे आहे. १९२४ पासूनच्या प्रबंधांतले निम्मेअधिक कधी छापले गेले नाहीत. कागद पिवळे पडून तुकडे होण्याआधी त्यांची सूची आणि डिजिटल प्रती व्हायला हव्यात. आणि त्यापुढे, लोणीकंदच्या धर्तीवर फेरपाहण्या. कुंज पटेल यांनी अभ्यासलेल्या कामगारांची नातवंडे आज विरार-बदलापूरला आहेत की परत कोकणात? प्रधानांनी पाहिलेल्या चाळींच्या जागी कोणते टॉवर उभे आहेत, आणि त्यांतली धुणीभांडी करायला कोण, कुठून येते? नवसारीतली एकत्र कुटुंबे अमेरिकेत जाऊन किती एकत्र राहिली? हे प्रश्न विचारायला आधीची नोंद लागते आणि ती देशात फार थोड्या विभागांपाशी आहे. आपल्यापाशी आहे. फेरपाहणीला या वेळी जी मुले जातील, त्यांतली काही त्याच गावांतली आणि त्याच चाळींतली असतील, एवढा फरक शंभर वर्षांत पडला आहे.